माझ्या साडूंचे चौदा पाहुणे

आधी चूक कबूल करतो, मग माणूस दाखवतो. माझ्या थोरल्या साडूंच्या नावाला आयुष्यात एकच डाग लागला आणि तो मी लावला. लावताना मला वाटत होतं, मी गुलालच लावतोय. नांदेडपासून लातूरपर्यंत प्रत्येक गावच्या स्टँडवर उतरून शोधलंत, तरी त्यांच्याइतका सरळ आणि त्यांच्याइतका सावकाश माणूस सापडायचा नाही. अशा माणसाला घाई करायला लावणं हीच मुळात चूक होती. पुढचं सगळं त्यातून आलं.

आम्ही दोघं निलंग्याच्या एकाच घरचे जावई. अक्का त्यांना दिली, धाकटी मला. ते नांदेडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात, पण त्यांचा खरा जीव मेंदूच्या अभ्यासात, आणि मेंदूही कुणाचा, तर गोगलगायीचा. मी लातूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. ते मला नुसतं "साडू" म्हणतात, मी त्यांना "साडूभाऊ" म्हणतो, आणि हा भाऊ मी कधी वरवरचा म्हटला नाही. म्हणून तर हे लिहिणं जड जातंय.

त्यांची पहिली ओळख आमच्या सासरवाडीला झाली ती अक्काला बघायला आले तेव्हा. बघून गेले, पोहे खाल्ले, काहीच बोलले नाहीत. पंधरा दिवसांनी पुन्हा आले, पोहे खाल्ले, बोलले नाहीत. तिसऱ्यांदा आले तेव्हा सासऱ्यांचा धीर सुटला. "पाव्हणं, पोरीत काय खोट दिसून राहिली का? असंल तर सांगून टाका." हे म्हणाले, "छे हो. पसंती पहिल्याच दिवशी होती. पण एका निरीक्षणावर मी निष्कर्ष काढत नाही. तीन लागतात." आतल्या खोलीत अक्का फिस्सकन हसली, आणि लग्न त्या हसण्यावर ठरलं असं आमची बायको सांगते. तेव्हापासून त्या घरात 'तीन लागतात' हे शब्द कायमचे मुक्कामाला आहेत. डॉक्टरांनी एकदा त्यांचं बीपी जास्त आहे म्हणून गोळी लिहून दिली, तर हे गोळी न घेता तीन दिवस रोज दवाखान्यात जाऊन हात पुढे करून बसले. तिसऱ्या दिवशी यांचं बीपी बरोबर आलं. डॉक्टरांचं तेवढं वाढलं असावं.

गोगलगायींशी त्यांचं नातं तर सगळ्या निलंग्याला ठाऊक आहे. एका वर्षी आमच्या सासऱ्यांच्या सोयाबीनवर गोगलगायी पडल्या. सगळं घर पहाटे उठून त्या वेचत होतं आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकत होतं. जावई वेचायला आले म्हणून सासरे खूश. तासाभराने बघतात तर जावयांनी वेचलेल्या सगळ्या गोगलगायी धोतराच्या ओच्यात बसवल्या आहेत आणि एकेकीला कोवळं पान भरवणं चाललंय. "अहो, त्या माझं पीक खाऊन राहिल्यात अन् तुम्ही त्यांना जेवू घालून राहिलात!" सासरे ओरडले. हे शांतपणे म्हणाले, "मामा, ह्या चाळीस मला द्या. ह्यांचं शिक्षण करायचंय."

खरंच शिक्षण केलं. काकडीच्या फोडीला हिंग लावायचं आणि त्यावर कडुलिंबाचा रस. गोगलगाय एकदा तोंड लावते, दोनदा लावते, मग हिंगाचा वास आला की शिंगं आत घेते. ती शिकली. आता मराठवाड्याची गोगलगाय पाऊस संपला की मातीत जाते, कवचाच्या तोंडाला पांढरा पापुद्रा लावून घेते आणि पुढच्या जेठापर्यंत झोपते. साडूंचा प्रश्न एवढाच होता: सात-आठ महिने झोपून उठल्यावर तिला हिंग आठवतं का? भादव्यात शिकवायचं, जेठात ओलं गोणपाट टाकून उठवायचं आणि विचारायचं. म्हणजे एका प्रयोगाला एक वर्ष, आणि यांच्या हिशेबाने प्रयोग तीन. प्रत्येकीच्या पाठीवर अक्काच्या नेलपॉलिशने क्रमांक. अक्काची तक्रार अशी, की लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या बाटलीतला रंग तिच्या नखाला कधी लागला नाही.

आता तुम्हीच सांगा, अशा माणसाच्या नावावर किती शोधनिबंध असणार? तीस वर्षांत नऊ. त्यांच्या शेजारच्या केबिनमधले सर वर्षाला वीस काढत. आणि हल्ली नुसते निबंध मोजत नाहीत. आपला निबंध वाचून दुसऱ्या कुणा अभ्यासकाने आपल्या निबंधात त्याचा उल्लेख केला तर त्याला सायटेशन म्हणतात, आणि माणसाचं वजन त्यावर ठरतं. साडूंची सायटेशनं चौदा. पण ती चौदा त्यांना भाच्या-पुतण्यांसारखी तोंडपाठ होती. एक जपानचे प्राध्यापक, एक अर्जेंटिनाच्या बाई, एक कोइमतूरचा मुलगा. ज्याने उल्लेख केला त्याचा अख्खा निबंध मागवून वाचायचे आणि त्याला स्वहस्ते पत्र लिहायचे: आपण माझ्या कामाचा उल्लेख केलात त्याबद्दल आभारी आहे, मात्र चौथ्या परिच्छेदात आपण म्हणता ते मला नीट कळलं नाही, कृपया समजावून द्यावे. जपानचे प्राध्यापक तर दर नव्या वर्षाला कार्ड पाठवतात. हे चौदा निबंध एका फाइलीत लावलेले, आणि फाइलीवर शाईने लिहिलेलं 'पाहुणे'. मी एकदा हसलो, तर म्हणाले, "परक्यानं त्याच्या घरात बसून आपलं नाव घेतलं, साडू. पाहुणा नाही तर काय म्हणायचं त्याला?"

गेल्या वर्षीच्या फाल्गुनात त्यांच्या कॉलेजने संशोधनाचा आढावा घ्यायचं काढलं. ज्याचं काम कुणी विचारत नाही त्याची खोली काढून तिथे संगणक बसवायचे. साडूंची खोली पहिल्याच यादीत. प्राचार्य म्हणाले, "सर, चौदा सायटेशनवर खोली राखता येत नाही हो. वैशाखात कमिटी बसतेय, तोवर काही बघा." खोलीत त्या वेळी चाळीस गोगलगायी झोपलेल्या होत्या. दोन वर्षांचे आकडे हाती आले होते, हे तिसरं वर्ष होतं. हलवलं तर त्या अवेळी उठणार, उन्हाळ्यात उठल्या की मरणार, आणि साडूंची निवृत्ती दोन वर्षांवर. "जेठापर्यंत थांबले असते तर..." एवढंच ते मला फोनवर म्हणाले. त्यांनी मदत मागितली नव्हती, हे मी इथे स्पष्ट लिहून ठेवतो.

आमच्या कॉलेजची एक संशोधन पत्रिका निघते आणि तिचा संपादक मी होतो. त्या वर्षी परिषदेचा जाडजूड विशेषांक निघायचा होता. लातूर, उदगीर, लोहा, निलंगा, सगळीकडच्या प्राध्यापकांचे लेख माझ्या टेबलावर, संदर्भसूच्या नीट लावायचं कामही माझंच. मी एकेकाला फोन लावला. "सर, आमच्या साडूंचा एक निबंध तुमच्या लेखात उल्लेख म्हणून टाकू का? त्यांची अडचण आहे." कुणीही नाही म्हटलं नाही. उदगीरचे शारीरिक शिक्षणाचे सर म्हणाले, "हाव, टाका की! इचारून काय राहिलात? तुमचे साडू म्हणजे आमचे पाव्हणेच. लग्नात आहेर करतो तसा हा आहेर समजा." आमच्याकडे असंच आहे. कुणाच्या घरी कार्य असलं की रिकाम्या हाताने कुणी जात नाही, आणि हेही कार्यच होतं. एका संध्याकाळी मी एकतीस लेखांत गोगलगाय सोडली. कबड्डीच्या लेखात, जात्यावरच्या ओव्यांच्या लेखात, गुळाच्या बाजारपेठेच्या लेखात. अंक निघाला. संगणकावर चौदाचे पंचेचाळीस झाले. मी मनात म्हटलं, अक्काच्या नवऱ्याची खोली वाचली. त्या रात्री मला छान झोप लागली, हे आठवलं की आता लाज वाटते.

एकच गोष्ट विसरलो होतो. साडू पाहुण्यांना भेटल्याशिवाय राहत नाहीत.

आठ दिवसांत ते लातूरच्या स्टँडवर उतरले. बगलेत अंक, प्रत्येक लेखात चिठ्ठी. चेहरा असा फुललेला की मी तसा आजवर कधी पाहिला नव्हता. "साडू, आपल्याच मुलखात एकतीस माणसं माझं काम वाचत होती आणि मला पत्ता नाही! जपानला पत्र लिहीत बसलो. एवढ्यांना पत्रं काय लिहायची, उठून भेटूनच येऊ. तुमच्या पत्रिकेतलीच मंडळी आहेत, तुम्ही ओळख करून द्या." माझ्या हातातला चहा बशीत सांडला. "उन्हाचं कशाला?" मी म्हणालो. "कमिटीच्या आधी भेटायला हवं. कुणी विचारलं तर मला सांगता यायला पाहिजे, कोण काय म्हणतंय." तिथेच सांगायला हवं होतं. मी उदगीरची एसटी कुठे लागते ते विचारायला गेलो.

उदगीरच्या सरांना मी आधी फोन करून ठेवला होता. त्यांनी सरबत दिलं, पंखा यांच्याकडे वळवला. साडूंनी चिठ्ठीचं पान उघडलं. "आपण लिहिता, चढाई करणाऱ्याला मागच्या पकडीची आठवण राहते, आणि इथे माझा निबंध देता. माझ्या कोणत्या आकृतीवरून आपण हे म्हटलंत?" सरांनी माझ्याकडे बघितलं. मी सरबताकडे. "सर," ते म्हणाले, "आता आकृती म्हणजे... तुमची गोगलगाय लई दम धरती. कबड्डीत सगळा खेळ दमाचाच!" साडूंनी वहीत लिहून घेतलं: दम. मग विचारलं, "पण गोगलगाय फुप्फुसाने श्वास घेते, हे आपल्या ध्यानात होतं का?" सर म्हणाले, "होतं की!" आणि घाम पुसायला आत गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. मला शर्टच्या आत घामाच्या धारा लागल्या होत्या. साडू मात्र पंख्याखाली बसून वहीतल्या त्या एका शब्दाकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी लोह्याला. तिथल्या मराठीच्या बाई सरळ स्वभावाच्या. त्यांनी नमस्कार केला तेव्हाच मी दाराजवळची खुर्ची धरली. साडूंनी प्रश्न विचारला. बाई म्हणाल्या, "खरं सांगू का सर, तो उल्लेख..." मी एवढ्या जोरात खोकलो की त्या पाणी आणायला उठल्या. परत आल्यावर त्यांनी विषय बदलला, पण माझ्याकडे एकदा असं बघितलं की मी चप्पल शोधायला लागलो. साडूंनी त्यांना हिंगाचा प्रयोग समजावून सांगितला. बाई खरोखर मन लावून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "माझी आत्या वीस वर्षांनी जात्यावर बसली तर ओव्या आपोआप आल्या बघा. मेंदूत आल्या का हातात, ते तुम्ही सांगा." साडू पायरीवर थांबले. "हा प्रश्न मी तीस वर्षांत कुणी विचारलेला ऐकला नाही," ते म्हणाले, आणि तिथेच वही काढून तो लिहून घेतला.

परतीच्या एसटीत ते वही उघडून बसले होते. बाहेर ऊन रणरणत होतं, खिडकीचा गज हाताला चटका देत होता. वही मिटून ते म्हणाले, "साडू, दोन निरीक्षणं झाली."

मी तिकिटाची घडी घालत राहिलो.

"तिसरं निलंग्याचं. गुळावर लिहिणारे सर. परवा जाऊ. मग काय ते बघता येईल."

त्यांना समजलं होतं. निदान अंदाज आला होता. पण माणूस असा, की साडूवरसुद्धा दोन निरीक्षणांत ठपका ठेवायचा नाही. तिसऱ्याच्या आधी बोलायला त्यांनी मला अख्खे दोन दिवस दिले होते, हे मला त्या गाडीतच कळलं होतं. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मी बायकोकरवी निरोप दिला, की ताप आहे, येत नाही. ताप नव्हता. अंगावर चादर घेऊन मी वैशाखातल्या उकाड्यात पडून राहिलो.

दुपारी निलंग्याच्या सरांचा फोन. "तुमचे साडू येऊन गेले बघा. मी सगळं सांगून टाकलं. म्हणलं, मला काय गोगलगायीतलं कळतंय, तुमच्या साडूंचा फोन आला, मी हाव म्हणलो. लई साधा माणूस. पाणी प्यायले, हात जोडून शरणार्थ म्हणले अन् उठले."

कमिटीत काय झालं ते मला नंतर इकडून तिकडून कळलं. साडूंनी कमिटीपुढच्या आपल्या अर्जातला पंचेचाळीस स्वतःच्या पेनाने खोडला आणि चौदा लिहिला. "उरलेले एकतीस माझे पाहुणे नाहीत," एवढंच म्हणाले. कुणीतरी विचारलं, "मग हे आले कुठून, सर?" दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, मला काय माहीत. साडूंना खोटं बोलता येत नाही. ते म्हणाले, "मला माहीत आहे. पण सांगणार नाही." झालं. सगळ्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं. आकडे स्वतःच फुगवले आणि ऐन वेळी घाबरले. शेजारच्या केबिनमधल्या सरांनी म्हणे स्टाफरूममध्ये शिंगं काढून दाखवली, आणि सगळे हसले.

खोली गेली. चाळीस गोगलगायी टेम्पोतून घरी आल्या, जिन्याखालच्या अडगळीत. नांदेडच्या रस्त्यांवर हादरे बसून बहुतेकींचे पापुद्रे फुटले. त्या अवेळी उठल्या आणि त्या उन्हाळ्यात टिकल्या नाहीत. अक्काचा मला फोन आला. ती कधी रडत नाही, तेव्हाही रडली नाही. "दाजी, तुम्ही कॉलेजातली माणसं, तुम्हाला कळतंय. मला एवढंच सांगा, ह्यांनी असं काय केलं? लोक तोंडावर बोलून राहिलेत अन् हे काही सांगत नाहीत." मी म्हणालो, "चौकशी करतो, अक्का."

सात महिने मी चौकशी केली नाही. दसऱ्याला निलंग्यात भेट झाली तेव्हा साडू नेहमीसारखे बोलले, माझ्या बीपीची विचारपूस केली, तीनदा मोजून घ्या म्हणाले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मार्गशीर्षात पत्रिकेचा पुढचा अंक निघाला. पहिल्या पानावर मी शुद्धिपत्र छापलं: मागील अंकातील पुढील एकतीस लेखांत या निबंधाचा उल्लेख संपादकाने, म्हणजे मी, स्वतः घातला, निबंधाच्या लेखकाला याची काहीही कल्पना नव्हती, दोष सर्वस्वी माझा. खाली माझी सही. आमच्या प्राचार्यांनी पत्रिका माझ्याकडून काढून घेतली, ते योग्यच झालं. उदगीरच्या सरांचा फोन आला, "अहो, आहेर कुणी माघारी करत असतंय का?" एक प्रत नांदेडच्या कमिटीला पाठवली. त्यांचं दोन ओळींचं पत्र आलं, नोंद घेतली म्हणून. खोलीत तोवर संगणक चालू झाले होते.

एक प्रत घेऊन मी स्वतः नांदेडला गेलो. साडूंनी शुद्धिपत्र उभ्यानेच वाचलं, शाळेतल्या परीक्षकासारखं, ओळीखाली बोट धरून. मी म्हणालो, "साडूभाऊ, मी चुकलो. माफ करा." त्यांनी 'पाहुणे' फाइल काढली आणि जपानच्या, अर्जेंटिनाच्या मागे माझं पान लावलं. "हा उल्लेख खरा आहे," ते म्हणाले. "पंधरा झाले." मी जायला निघालो तेव्हा दारात म्हणाले, "साडू, एक झालं."

मी त्यांना तीस वर्षं ओळखतो. मला अर्थ कळला.

फाल्गुनात पुन्हा गेलो. या वेळी तापाचं सांगितलं. ताप नव्हता, मला तोंड दाखवायची भीती वाटत होती, तुम्ही दोन दिवस दिले होते आणि मी चादर ओढून घेतली. ते ऐकत राहिले. "त्या दिवशी ऊन फार होतं," म्हणाले. "एकट्याला निलंग्याचं ऊन लागतं." थोड्या वेळाने, "दोन."

तिसऱ्यांदा गेलो ते या जेठात. जिन्याखाली ओलं गोणपाट अंथरलं होतं. भादव्यात त्यांनी नव्याने शिकवलेल्या गोगलगायी त्यावर मांडलेल्या. निवृत्तीला काही महिने उरलेत, आणि तिसरं वर्ष त्यांनी पुन्हा पहिल्यापासून केलंय, स्वतःच्या घरात, अक्काच्या नेलपॉलिशची नवी बाटली फोडून. सतरा क्रमांकाची तेवढी जागी झाली होती. ती हळूहळू बाहेर आली, शिंगं लांब झाली. साडूंनी हिंगाचा बोळा तिच्यापुढे धरला. आम्ही दोघं श्वास रोखून बघत होतो. शिंगं आत गेली.

"आठवलं तिला!" मी म्हणालो.

"एका गोगलगायीवर काही म्हणता येत नाही," ते म्हणाले. पण वही काढून सतरापुढे त्यांनी ठळक खूण केली. मग ते थांबले, माझ्याकडे न बघता, जसे गोगलगायीपुढे थांबतात तसे.

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज येत होता. शुद्धिपत्र फाइलीत होतं, आणि अक्का ती फाइल कधी उघडत नाही. साडूंनी तिला अजूनही सांगितलेलं नव्हतं. ते सांगणारही नव्हते. ते काम माझं होतं.

मी हाक मारली. अक्का पदराला हात पुसत आली, जिन्यापाशी उभी राहिली. "काय हो दाजी? चहा टाकू का?"

"अक्का," मी म्हणालो, "गेल्या वर्षी वैशाखात तुम्ही मला फोनवर विचारलं होतं, ह्यांनी असं काय केलं म्हणून. ह्यांनी काही केलं नव्हतं. मी केलं होतं. लोक ह्यांना बोलत होते तेव्हा मी गप्प बसलो. तुम्ही दोघंही मला माफ करा."